साडूंच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

जेवणं अर्ध्यावर आली होती. सासरे पाण्याचा घोट घ्यायला थांबले आणि तेवढ्यात धाकटे जावई अगदी सहज बोलावं तसं बोलून गेले, "आमची गाडी लिटरला बावीस देते."

या 'सहज'वर फार विश्वास ठेवू नये. आपल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज आजवर कोणीही सहज सांगितलेलं नाही. माणूस आधी रस्त्यांच्या दुर्दशेवर बोलतो, मग पेट्रोलच्या भावावर येतो, आणि समोरचे माना डोलवायला लागले की हळूच आकडा पुढे सरकवतो. धाकट्यांनीही तेच केलं होतं. सासऱ्यांनी पेला तोंडाशी नेता नेता थांबवला. ते कोर्टात लघुलेखक होते. खुनाच्या कबुल्या त्यांनी भुवई न हलवता उतरवून घेतल्या होत्या. त्यांचा पेला थांबला म्हणजे बातमी मोठीच म्हणायची.

"बावीस?" थोरली लेक म्हणाली, आणि सगळ्यांदेखत तिनं आपल्या नवऱ्याकडे मान वळवली. "अहो, आपली किती देते?"

हे 'अहो' म्हणजेच आपले कथानायक. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात गळती शोधण्याचा जो विभाग आहे, त्याचे ते प्रमुख. रस्त्यावर लोखंडी कांडी टेकवायची, तिला कान लावायचा आणि जमिनीखाली कुठे पाणी वाया जातंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. सारी कॉलनी त्यांना मीटरसाहेब म्हणायची. घरात चोर शिरला तर त्यांना जाग येईल की नाही सांगता येत नाही, पण शेजारच्या बिल्डिंगमधला नळ ठिबकला तरी ते उठून बसत. अशा माणसाला खोटं बोलता येत नाही, हा त्यांच्या नोकरीचा गुण आणि संसाराचा दोष होता.

"चौदा," मीटरसाहेब म्हणाले.

मग मेहुणीनं त्यांच्या ताटात न मागता भात वाढला. "असू दे भाऊजी, जुनी झाली ना तुमची."

मीटरसाहेबांची गाडी साडूंच्या गाडीपेक्षा वर्षाने नवी होती. पण भात पडलाच होता, तेव्हा तो खाल्ला. परत येताना मीटरसाहेबांना इंजिनाच्या आवाजातून एकच शब्द ऐकू येत होता. गळती. ज्या माणसानं शहराचं पाणी वाचवलं, त्याच्या स्वतःच्या गाडीतून लिटरमागे आठ किलोमीटर कुठेतरी गळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बॉनेट उघडून उभे राहिले. उघडं बॉनेट आणि उघडी जखम यांत एक साम्य असतं. येणारा जाणारा थांबतो, वाकून बघतो आणि औषध सांगून जातो. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, सगळं पायात आहे, बूट काढून गाडी चालवा म्हणजे एक्सिलरेटर किती दाबला ते तळव्याला कळतं. तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, उन्हात पेट्रोल उडून जातं, गाडी सावलीत लावत चला. सावलीची एकुलती एक जागा त्यांच्या खिडकीखाली होती आणि तिथे कोणी लावलं की त्या भांडत, हे त्या त्या क्षणी विसरल्या होत्या. सर्वांत जास्त सल्ले सोसायटीच्या सेक्रेटरींनी दिले. त्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती, त्यामुळे त्यांचं मन या विषयात अगदी मोकळं होतं.

"वजन," सेक्रेटरी म्हणाले. "गाडीतलं फालतू वजन काढा. मग बघा."

मीटरसाहेबांना हे पटलं. त्यांनी डिकी रिकामी केली. स्टेपनी गेली, जॅक गेला, पान्यांची पिशवी गेली. मग पायपुसणी, छत्री, मागच्या काचेपाशी ठेवलेल्या उशा. सीटखाली एक हरवलेली चप्पल सापडली, तीही वजनात धरली. प्रत्येक वस्तू घरातल्या वजनकाट्यावर ठेवून ते आकडा मोठ्यानं वाचत. कॉलेजला निघालेली मुलगी दारात थांबून हे बघत होती. ती म्हणाली, "बाबा, गाडीतली सगळ्यात जड वस्तू तर तुम्हीच आहात." मुलीचं शिक्षण चांगलं चाललं आहे याचं समाधान मानून मीटरसाहेबांनी त्या आठवड्यात रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. बायकोला वाटलं, तिच्या बहिणीनं वाढलेला भात अजून मनातून गेलेला नाही. तेही खोटं नव्हतं.

मग हवा. टायरमध्ये हवा कमी असली की पेट्रोल जास्त लागतं, हे शास्त्र आहे. मीटरसाहेबांनी ते शास्त्र थोडं पुढे नेलं. पुरेशी हवा चांगली असेल तर जास्त हवा अधिकच चांगली, असं त्यांनी ठरवलं. पुढचे कितीतरी दिवस रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट त्यांच्या दाढेपर्यंत पोचत राहिला. दातांच्या डॉक्टरांनी एकदा त्यांच्या शेजारी बसून भाजीबाजारापर्यंत प्रवास केला आणि उतरताना व्यवसायाच्या दृष्टीनं फार समाधानी दिसले.

एअर फिल्टरचं प्रकरण मात्र सांगू नये असं मीटरसाहेबांना आजही वाटतं. इंजिनाला श्वास घेता आला नाही तर ते पेट्रोल जास्त खातं, आणि श्वास या फिल्टरमधून जातो, एवढं त्यांना कळलं होतं. फिल्टर काळाकुट्ट झाला होता. तो त्यांनी न्हाणीघरात साबण लावून धुतला, झटकला आणि दोरीवर बनियन आणि टॉवेलच्या मध्ये वाळत घातला. ऑफिसची वेळ झाली तेव्हा तो किंचित ओलसर होता. माणूस ओल्या केसांनी ऑफिसला जातोच की, असा विचार करून त्यांनी तो बसवला. गाडी खोकत खोकत निघाली आणि पाणीपुरवठा कार्यालयाच्या फाटकासमोर, सगळा विभाग आत शिरत असताना, शेवटचा खोकून बंद पडली. हाताखालचे लोक धावत आले. त्यांतल्या एकानं सवयीनं बॉनेटला कान लावला.

"साहेब," गॅरेजवाला नंतर फिल्टर दोन बोटांत धरून म्हणाला, "हा कागदाचा असतो. कागद धुतात का कोणी?" पण ग्राहक हातात सापडलाय म्हटल्यावर त्यानं गाडीतलं आणखीही बरंच काही उघडलं, आणि पुन्हा जोडताना एक वायसर उरला. तो कुठला ते त्यालाही सांगता येईना. मीटरसाहेबांनी तो वजन कमी झालं या खात्यात टाकला.

आता उरली ती चालवण्याची पद्धत, आणि इथे मीटरसाहेबांना खरा सूर सापडला. त्यांनी समोर, काचेपाशी पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पाणी सांडलं नाही तर पेट्रोल सांडलं नाही, असा हिशोब. लांबवर सिग्नल दिसला की ते पाय उचलत आणि गाडी आपोआप सरकू देत. एसी बंद, कारण एसी पेट्रोल खातो. काचाही बंद, कारण वाऱ्याला अडथळा होतो. एकदा याच पद्धतीनं त्यांनी बायकोला तिच्या मैत्रिणीच्या घरी पोचवलं. मैत्रिणीनं दार उघडलं आणि आधी टॉवेल आणून दिला. त्या दिवसापासून बायको बसनं जाऊ लागली. मीटरसाहेबांनी मनातल्या मनात तेही वजन वजा केलं आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली.

मागून येणारे लोक हॉर्न वाजवत. मीटरसाहेब हाताने पुढे जा म्हणून खुणावत, पण रस्ता अरुंद असला तर पुढे जाणार कुठून? एका सकाळी त्यांच्या मागे एवढी रांग लागली की चौकातल्या पोलिसाला वाटलं, कोणी मंत्री येत असावा. त्यानं सलाम करायला हात उचलला, आत पेला घेऊन बसलेला माणूस बघितला आणि तोच हात आडवा केला.

"काय झालंय गाडीला?"

"काही नाही. उत्तम आहे."

"मग तुम्हाला काय झालंय?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना वाहतूक शाखेत जावं लागलं. तिथल्या साहेबांपुढे एक छापील यादी होती. वेगात चालवणं, सिग्नल तोडणं, उलट्या दिशेनं येणं. सावकाश चालवण्याचं कलम त्यांना काही केल्या सापडेना. त्यांनी दोन टेबलांवर विचारून पाहिलं. "तुम्ही थोडे जोरात असता तर सोपं पडलं असतं," ते अगदी कळवळून म्हणाले. शेवटी त्यांनी मीटरसाहेबांना बेजबाबदार चालकांच्या समुपदेशन वर्गाला पाठवलं.

तो वर्ग म्हणजे एक लांबट खोली होती. बाकांवर सगळी कोवळी, तुरेबाज केसांची पोरं बसली होती. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, तुझा वेग किती होता. कोणी शंभर म्हणाला, कोणी एकशे वीस. मीटरसाहेबांची पाळी आली. खोटं बोलता येत असतं तर तेव्हा ते नक्की बोलले असते.

"अडतीस," ते म्हणाले.

बाईंना वाटलं त्यांनी वय सांगितलं. खुलासा झाल्यावर सगळी पोरं वळून त्यांच्याकडे बघू लागली, ते आदरानं की कशानं, हे मीटरसाहेबांना ठरवता आलं नाही. शेवटी सगळ्यांनी उभं राहून 'मी यापुढे सावकाश गाडी चालवीन' अशी प्रतिज्ञा केली. मीटरसाहेबांनीही केली. दुसरी प्रतिज्ञा छापलेलीच नव्हती.

पण एवढं सोसून टाकी भरली, पुन्हा भरली आणि भागाकार केला तेव्हा उत्तर सतरा आलं. मीटरसाहेबांनी तो भागाकार पुन्हा करून बघितला. सतराच. ते तसेच स्वयंपाकघरात गेले. बायको भाजी चिरत होती.

"सतरा आलं."

"बरं झालं," बायको मनापासून म्हणाली. मग विळी बाजूला सारून तिनं विचारलं, "आणि त्यांची बावीस कशी हो देते?"

हेच तर त्यांना रोज छळत होतं. ते इतकं करून सतरावर, आणि साडू, जे ब्रेक दाबताना सगळ्या गाडीला नमस्कार करायला लावत, ते बावीसवर. साडूंचं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. माणूस हसरा, बोलका. पण अ‍ॅव्हरेजचा विषय काढला की त्यांना दुकानात गिऱ्हाईक आल्याचं आठवे.

अशात अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. अण्णा खिंडीपलीकडच्या गावात एकटेच राहत. ऑपरेशन इकडे शहरात होतं, आणि डोळ्यांचे ते डॉक्टर बाहेरून महिन्यातून एकदाच येत. ती सकाळ हुकली की महिना गेला. एका डोळ्यानं अण्णांना जवळजवळ दिसत नव्हतं आणि दुसरा त्याच वाटेवर होता, तेव्हा सकाळ हुकून चालणार नव्हतं. दोन्ही बहिणींनी हॉस्पिटल सांभाळायचं आणि दोघा जावयांनी अण्णांना आणायचं, असं ठरलं.

"आपली गाडी काढतो," मीटरसाहेब म्हणाले.

"माझ्या वडलांना मी त्या गाडीत बसवणार नाही," बायको म्हणाली. "ऑपरेशन डोळ्याचं आहे. हाडांचं नाही."

मग साडूंची गाडी निघाली. फोनवर हे ऐकल्यावर साडूंना दुकानात गिऱ्हाईक आल्याचं आठवलं होतं, असं मेहुणी नंतर सांगत होती.

भल्या सकाळी दोघं निघाले. मीटरसाहेब पुढे, साडूंच्या शेजारी बसले. त्यांनी सीटचा पट्टा लावला, पाय पसरले आणि अगदी निर्व्याज चेहऱ्यानं पेट्रोलच्या काट्याकडे नजर लावली. काटा पाव टाकीवर होता. किलोमीटरचा आकडा त्यांनी मनात टिपून घेतला. खिंड चढून उतरेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की हा काटा बावीसच्या काट्यासारखा पडत नाही. हा काटा फार ओळखीच्या चालीनं पडतो आहे. किंबहुना त्यांच्या स्वतःच्या जुन्या काट्यापेक्षा जलद.

आयुष्यभर गळती शोधलेल्या माणसाला ती साडूंच्या गाडीत सापडते तेव्हा त्याला काय वाटतं, हे इतरांना सांगून कळणार नाही. मीटरसाहेबांना गाणं म्हणावंसं वाटलं.

अण्णा तयारच होते. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. ते मागे बसले. गावाबाहेर पेट्रोल पंप आला तेव्हा मीटरसाहेब मधाळ आवाजात म्हणाले, "टाकायचं का थोडं, साडूभाऊ?"

साडूंच्या कपाळावर घाम होता. पेट्रोल टाकायचं म्हणजे हा माणूस इथेच भागाकार करणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "गरज काय?" ते म्हणाले. "बावीस देते." पंप मागे गेला. पुढच्या वळणावर पेट्रोलच्या काट्याशेजारचा पिवळा दिवा लागला. साडूंनी घाम पुसला आणि रुमाल वाळत घातल्यासारखा बरोबर त्या दिव्यावर पसरला.

मीटरसाहेबांनी एका शब्दानं 'मागे फिरू या' म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण त्याच ओठांवर चौदा हा शब्दही एकदा आला होता, तेव्हा त्यांच्या ताटात कीवेचा भात पडला होता. ते खिडकीबाहेर बघत बसले.

खिंडीच्या चढावर, माथा जेमतेम दिसायला लागला असताना, गाडीनं एक गचका दिला, दुसरा दिला आणि ती उभी राहिली.

"काय झालं?" अण्णांनी मागून विचारलं.

दोघंही पुढे बघत होते. खोटं सुचायला साडूंना वेळ लागत नसे, पण त्या दिवशी त्यांनी खरं सांगितलं. "पेट्रोल संपलं, अण्णा."

अण्णांनी घड्याळ डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन बघितलं. डायल नीट दिसेना म्हणून त्यांनी ते तिरपं धरलं, उजेडाकडे केलं, पुन्हा जवळ आणलं. आरशात हे दिसलं आणि मीटरसाहेबांचं जिंकल्याचं सुख कापूर उडावा तसं उडून गेलं. म्हाताऱ्या माणसाला घड्याळ दिसत नव्हतं. त्यासाठीच तर निघालो होतो.

"माथ्यापलीकडे, खाली एक पंप आहे," अण्णा म्हणाले. "तुम्ही या जाऊन. मी बसतो."

फोनला रेंज नव्हती. दोघं चालत निघाले. उतार लागल्यावर साडू म्हणाले, "अकरा."

"काय अकरा?"

"अ‍ॅव्हरेज. उतार असला तर बारा."

या वाक्याची मीटरसाहेबांनी महिनोन्महिने वाट बघितली होती. आता ते आलं आणि त्यांना त्याचं काय करावं ते कळेना. "मग बावीस कुठून आणलंत?"

"जाहिरातीत होतं. तुम्हाला नाही कळायचं, साडूभाऊ. त्या घरात सगळे तुम्हाला विचारतात. पाणी कधी येईल, अर्ज कुठे द्यायचा, कोणाला भेटायचं. मला कोणी काही विचारत नाही. चौकटीबद्दल काय विचारणार? त्या दिवशी मी बावीस म्हणालो आणि अण्णांचा पेला थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग पुन्हा अकरावर यायची हिंमत झाली नाही."

मीटरसाहेबांनी रस्त्यातला एक दगड पायानं बाजूला केला. "काटा मला दिसत होता."

"रुमालाखालून?"

"रुमालाच्या आधीपासून. मी मुद्दाम बोललो नाही."

"का?"

"तुमची जिरावी म्हणून."

साडूंनी मान हलवली. "जिरली," ते म्हणाले, आणि दोघं पुढे चालू लागले.

पंपावरच्या माणसानं त्यांची पाण्याची बाटली बघूनच हात वर केला. "बाटलीत पेट्रोल देत नाही. गाडी आणा."

"गाडीत पेट्रोल नाही, म्हणून तर आलो," मीटरसाहेब म्हणाले.

"तुमचं बरोबर आहे," तो माणूस समजूतदारपणे म्हणाला. "पण नियम तसा आहे. चौकीवरून चिठ्ठी आणली तर बघू."

चौकी समोरच होती. तिथल्या हवालदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि विचारलं, गाडी माथ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे. पलीकडे आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. ती हद्द पलीकडच्या चौकीची होती. ती चौकी कुठे असं विचारल्यावर ते म्हणाले, "तुम्ही जिथून निघालात ना, तिथेच."

मीटरसाहेबांनी नोकरीत लोकांना अशी उत्तरं पुष्कळ दिली होती. त्यामुळे भांडताही येईना. इथे फोनला रेंज होती, आणि दोघांच्याही फोनवर बायकांचे न घेतलेले फोन दिसत होते. "तुम्ही लावा," साडू म्हणाले. "मी कशाला, गाडी तुमची," मीटरसाहेब म्हणाले. कोणीच लावला नाही. दोघं तसेच चढ चढून परत गेले.

गाडी होती तिथेच होती. आत अण्णा नव्हते.

मागचं सीट रिकामं, पिशवीही नाही. साडूंनी गाडीखाली वाकून बघितलं. अण्णा तिथे कशाला असतील, पण माणूस घाबरला की बघतो. मीटरसाहेबांनी दरीच्या कठड्यापाशी जाऊन हाक मारली. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. दिसत नसलेला म्हातारा माणूस आणि ही वळणंच वळणं.

पलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. तिथली लाल निशाण धरलेली बाई शांतपणे चालत आली. "आजोबांना शोधताय का? ते गाद्यांच्या टेंपोत बसून गेले. मघाशीच. मीच थांबवला टेंपो. जावई आले तर सांगा म्हणाले."

"काय सांगा म्हणाले?"

"सावकाश या म्हणाले."

साडू रस्त्याच्या कडेला मटकन बसले आणि हसू लागले. हसता हसता त्यांनी तोच रुमाल डोळ्यांना लावला. मीटरसाहेब त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं उठून साडूंनी एक हात स्टिअरिंगवर ठेवून बाजूनं आणि मीटरसाहेबांनी मागून गाडीला खांदा दिला. ती बाई निशाण घेऊन पुढे चालली आणि दोन्हीकडची वाहनं तिनं अशी थांबवून धरली, जणू गाडीतून कोणी मोठा माणूस चाललाय. गाडी तसूतसूनं माथ्यावर चढली. मग दोघं धावत आत बसले आणि गाडी बंद इंजिनानं उताराला लागली. ब्रेक दगडासारखा झाला होता. तो दाबायला मीटरसाहेबांनी हातानं साडूंच्या गुडघ्यावर जोर लावला, साडूंनी देवाचं नाव घेतलं, आणि गाडी पंपाच्या आवारात शिरून बरोबर नळीपाशी थांबली.

"आता कसं," पंपावरचा माणूस म्हणाला.

मीटरसाहेबांनी फोन लावला. बायको म्हणाली, "अण्णा आत गेलेत. डॉक्टरांनी सगळ्यांत आधी त्यांनाच घेतलं. तुम्ही कुठे आहात?"

ते पोचले तेव्हा अण्णा बाहेर येऊन पडले होते, एका डोळ्यावर पट्टी. ते काही सांगणारे नव्हतेच. लेकींना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की जावई मागून येताहेत. पण टेंपोवाल्यानं सोडताना सांगून टाकलं होतं, आणि मेहुणी दारातच उभी होती.

"पेट्रोल संपलं म्हणे?" ती नवऱ्याला म्हणाली. "बावीस देते ना?"

साडूंनी तोंड उघडलं. त्यातून अकरा बाहेर पडणार हे मीटरसाहेबांना स्पष्ट दिसलं. आणि ज्यांनी सगळ्या नोकरीत नसलेली गळती कधी कागदावर येऊ दिली नव्हती, ते मीटरसाहेब म्हणाले, "पाइप गळत होता. मी स्वतः वाकून बघितला. तुमचं नशीब, दुसरी कुठली गाडी असती तर गावातच बंद पडली असती."

गळतीच्या बाबतीत त्यांच्या शब्दावर शंका घेणारं त्या घरात कोणी नव्हतं. मेहुणीचा आवाज लगेच उतरला. तिनं नवऱ्याच्या सदऱ्यावरची धूळ झटकली. मीटरसाहेबांची बायको मात्र बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. घरी गेल्यावर तिनं विचारलं, "पाइप नेमका कुठे गळत होता?"

"खालच्या अंगाला."

"हो का," ती म्हणाली, आणि त्यांच्या दुखऱ्या खांद्याला लावायला तेल गरम करून आणलं. रात्री त्यांना पूर्ण ताटही वाढलं.

अण्णा बरे होईपर्यंत मीटरसाहेबांकडेच राहिले. तेवढ्यात मीटरसाहेबांनी स्टेपनी, जॅक आणि पायपुसणी आपापल्या जागी परत ठेवली आणि टायरमधली हवा सांगितली तेवढीच केली. अण्णांना घरी सोडायच्या दिवशी साडूही गाडी धुऊन, टाकी काठोकाठ भरून हजर झाले. फाटकाशी दोन गाड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मागे येऊन गाद्यांचा एक टेंपो थांबला.

"मी बोलावलाय," अण्णा म्हणाले. "तो आज तिकडेच चाललाय."

"अण्णा, घरात दोन दोन गाड्या असताना," थोरली लेक म्हणाली.

"त्या टेंपोत उंच बसायला मिळतं. समोरचं सगळं दिसतं." त्यांनी नवा चष्मा सारखा केला. "त्या दिवशी नीट दिसलं नव्हतं."

ते वर चढून बसले. लेकींनी नवऱ्यांकडे असं बघितलं, की दोघांनी अण्णांचं सामान मुकाट्यानं मीटरसाहेबांच्या डिकीत टाकलं आणि दोघं त्याच गाडीतून टेंपोच्या मागे निघाले. खिंडीचा चढ लागल्यावर टेंपो गोगलगायीसारखा चालू लागला. मीटरसाहेबांच्या मागे रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. साडूंनी एसी वाढवला. मीटरसाहेबांनी तो वाढवू दिला.

एका सरळ पट्ट्यावर टेंपोच्या खिडकीतून सदऱ्याची बाही बाहेर आली. रस्ता मोकळा होता. अण्णांचा हात दोनदा हलला, पुढे जा.

"जा म्हणताहेत," साडू म्हणाले.

"दिसलं मला," मीटरसाहेब म्हणाले. त्यांनी गिअर खाली घेतला आणि गाडी गाद्यांच्या मागेच ठेवली.